रिकामे भांडे रिकामे नसते
(मुलांसाठी हवेचे आणि उड्डाणाचे घरगुती प्रयोग : नभोवाणीवरील भाषण)



जोयडा तालुक्यातील नंदिगड्डे आणि त्याच्या आसपासच्या वाड्या पावसाळ्यात कशा असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगावयास नको. पाऊस एकदा लागला म्हणजे कुळागरातील सुपारीची झाडे आणि आभाळ यांतील सीमारेषाच नाहीशी होते. ओढे भरतात, पायवाटा बंद होतात आणि मुले दिवसचे दिवस ओटीवर बसून राहतात. अशा दिवसांत मुलांच्या हातांना आणि डोक्याला काम द्यावे, असा विचार मनात घेऊन मी आज बोलणार आहे. प्रयोगशाळा वाडीवर येत नाही. पण हवा येते, आणि ती फुकट असते.

हवेचे प्रयोग शिकविताना पहिली अडचण येते ती साहित्याची नव्हे, शब्दाची. आमच्याकडील मूल घरी कोकणी-मराठी बोलते आणि शाळेत कन्नड शिकते. कन्नडमध्ये ‘गाळी’ म्हणजे वाराही आणि हवाही. घरच्या बोलीतही मुलाच्या तोंडी ‘वारा’ हाच शब्द अधिक. वारा हा वाहणाराच असतो. तो थांबला की मुलाच्या लेखी तेथे काही उरलेच नाही! म्हणून स्थिर हवा ही वस्तू आहे, तिला जागा लागते, तिला वजन आहे, ही गोष्ट मुलाला सांगून पटत नाही. ती दाखवावी लागते.

त्यासाठी एक स्टीलचा पेला आणि पाण्याने भरलेली बादली पुरे. पेल्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा बोळा घट्ट बसवावा आणि पेला उपडा करून सरळ पाण्यात दाबावा. दाबताना हाताला होणारा विरोध मुलाला जाणवू द्यावा. तो विरोध हाच अर्धा धडा आहे. पेला तसाच सरळ वर काढला तर कागद कोरडा निघतो. आता पुन्हा पेला बुडवून किंचित तिरका करावा. बुडबुडे भडाभडा वर येतात आणि कागद भिजतो. “पेल्यात काय होते?” असा प्रश्न या वेळी विचारला तर मूल स्वतःच उत्तर देते. तेच उत्तर आधी आपण दिले असते तर ते त्याच्या वहीत राहिले असते, त्याचे झाले नसते.

हवेला वजन आहे हे मोठ्यांनाही खरे वाटत नाही. समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते; घाटावर थोडी कमी. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेतली तर तिच्यातील हवेचे वजन चाळीस किलोंच्या घरात जाते. ज्या खोलीला आपण रिकामी म्हणतो, तिच्यात जवळजवळ तांदळाच्या पोत्याएवढे ओझे भरलेले असते. आणि आपल्या डोक्यावर तर खोलीच काय, साऱ्या वातावरणाचा थर आहे.

या ओझ्याचा दाब कसा दिसावा? पेला पाण्याने काठोकाठ भरावा, त्यावर जाड पोस्टकार्ड ठेवावे, तळहाताने धरून पेला उलटा करावा आणि हात हळूच काढून घ्यावा. कार्ड पडत नाही, पाणीही पडत नाही. खालून वर दाबणारी हवा त्याला धरून ठेवते. कार्डाच्या कडेशी असलेला पाण्याचा पातळ पडदाही थोडे साह्य करतो. हा प्रयोग बादलीवरच करावा, कारण पहिल्या दोन-तीन खेपांस पाणी हमखास सांडते आणि मग घरातील माणसांचा विज्ञानावरील विश्वास उडतो.

हाच दाब शेतकऱ्याच्या रोजच्या कामात आहे. विहिरीच्या काठावर बसविलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वास्तविक पंप नळीतील हवा काढून टाकतो आणि विहिरीच्या पाण्यावर पडणारा हवेचा दाब ते पाणी नळीतून वर ढकलतो. हवेची ताकद सुमारे दहा मीटर पाणी तोलण्याएवढी असल्यामुळे त्याहून खोल पाण्यावर काठावरचा पंप कितीही महाग घेतला तरी चालत नाही. प्रत्यक्षात सात मीटरांच्या आसपासच त्याची दमछाक होते. उन्हाळ्यात विहीर आटली की पंप खाली उतरवावा लागतो तो याच कारणाने. मुलाला हे विहिरीपाशी, अर्थात कठड्याच्या अलीकडे उभे करून, सांगावे.

आता मी ज्या प्रयोगाकडे वळतो तो आमच्या भागातील मुलांना फार सोयीचा आहे आणि मुंबई-पुण्याच्या मुलांना तितकासा नाही. नंदिगड्ड्याहून कारवारास जावयाचे तर अणशीचा घाट उतरावा लागतो. उतरताना कान दडतात, आवंढा गिळला की मोकळे होतात. शंभर मीटर चढले असता हवेचा दाब सुमारे एक टक्क्याने उतरतो; घाटमाथा आणि समुद्रकाठ यांतील फरक पाचशे मीटरांच्या आसपास धरला तर पाच-सहा टक्क्यांचा फरक होतो. तो डोळ्यांनी पाहता येतो. पाण्याची पातळ प्लॅस्टिकची बाटली रिकामी करून घाटमाथ्यावर तिचे बूच घट्ट लावावे आणि ती पिशवीत घेऊन बसमध्ये बसावे. खाली पोहोचेतो बाटलीचे पोट आत गेलेले असते. कोणी दाबली? बसमध्ये शेजारी बसलेल्या भावाने? मुलांच्या मनात पहिला संशय हाच येतो, आणि तो योग्यच आहे.

येथे एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाही. फ्रान्समधील ब्लेज पास्कल याने १६४८ साली आपला मेहुणा फ्लोरँ पेरिये याला पाऱ्याच्या नळ्या देऊन प्यु द दोम या डोंगरावर पाठविले. (पारा विषारी आहे; तो आपल्या प्रयोगांत आणावयाचा नाही.) डोंगराचा चढ हजार मीटरांच्या आसपास. शिखरावर नळीतील पारा तीन इंचांहून अधिक उतरलेला आढळला. पण पेरियेची खरी हुशारी पायथ्याशी दिसून येते. तेथील मठाच्या बागेत त्याने दुसरी एक नळी उभी करून ठेवली होती आणि मठातील एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती केली होती. ती नळी दिवसभर जागची हलली नाही. हे कळले नसते तर कोणीही म्हणू शकला असता, की त्या दिवशी हवामानच पालटले आणि डोंगराचा त्याच्याशी काही संबंध नाही. इतिहासाच्या पुस्तकांत पास्कलचे नाव येते, पेरियेचे कधीमधी येते. बागेत बसून न हलणाऱ्या पाऱ्याकडे दिवसभर पाहत राहिलेल्या त्या धर्मगुरूंना मात्र मी मनोमन मानतो. काही घडत नाही याची साक्ष देणे हे कठीण काम आहे.

आपल्या बाटलीलाही अशी जोडीदार बाटली द्यावी. तशीच दुसरी बाटली बूच लावून घरी आजीपाशी ठेवावी आणि परतल्यावर दोन्ही ताडून पाहाव्यात. तिसरी बाटली उघडी न्यावी, कारवारात बूच लावून घाटावर परत आणावी. ती फुगून टणक होते आणि बूच सैल करताच सुस्कारा टाकते. एक खबरदारी घ्यावी : उन्हाने हवा फुगते. किनाऱ्यावरचा उकाडा दाबाच्या परिणामातील काही भाग खाऊन टाकतो, म्हणून बाटली सावलीत ठेवून मगच पाहावी.

हवा तापली म्हणजे फुगते याचाही प्रयोग याच बाटलीने होतो. मोठ्या माणसाने तिच्यात सोसवेल इतके गरम पाणी ओतावे, खळबळून टाकून द्यावे, बूच लावावे आणि ती थंड पाण्यात धरावी. बाटली चेपते. पाठ्यपुस्तकांतून चालत आलेल्या मेणबत्तीच्या प्रयोगाऐवजी मी हा सुचवितो, आणि तो केवळ आगीच्या भीतीने नव्हे. पाण्याच्या बशीत मेणबत्ती पेटवून वर पेला उपडा ठेवला की ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. हवेतील पाचवा हिस्सा प्राणवायू जळून गेला म्हणून पाणी तितके चढले, असे मुलांना सांगितले जाते. हे कारण बरोबर नाही. ज्योत सारा प्राणवायू संपण्याच्या आतच विझते. पेल्यातील हवा तापून आधी फुगलेली असते, तिच्यातील काही बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर निघून जाते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकसते. पाणी चढते ते मुख्यतः त्यामुळे. नीट पाहणारे मूल म्हणेल, की पाणी ज्योत जळत असताना नव्हे, ती विझल्यानंतर भरभर चढले. पुस्तक मोठे की डोळे मोठे, असा पेच त्या मुलापुढे उभा राहतो. त्या घटकेस आपण पुस्तकाची बाजू घेतली तर पुढे ते मूल पाहणेच सोडून देते.

उड्डाणाविषयी तर असा पेच पावलोपावली आहे. वहीच्या कागदाची दोन बोटे रुंदीची पट्टी कापून तिचे एक टोक खालच्या ओठाखाली धरावे. पट्टी वाकून खाली लोंबते. तिच्यावरून जोराने फुंकर मारली की ती उचलली जाते. प्रयोग सुंदर आहे. पण त्याचे स्पष्टीकरण ‘वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी असतो’ एवढ्यावर उरकले जाते आणि त्याला विमानाच्या पंखाची एक गोष्ट जोडली जाते : पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरची वाट लांब; वरच्या हवेला खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पलीकडे पोहोचावयाचे असते, म्हणून ती धावते. हवेच्या दोन कणांनी पंखापलीकडे एकाच क्षणी भेटण्याचा करार कोठे केला आहे? वाऱ्याच्या बोगद्यात धूर सोडून पाहिले असता वरची हवा खालच्या हवेच्या कितीतरी आधी पलीकडे पोहोचलेली दिसते. शिवाय ही गोष्ट खरी मानली तर सपाट कागदाचा पतंग वर का जातो आणि कसरतीची विमाने उलटी कशी उडतात, या प्रश्नांना उत्तर उरत नाही.

केंब्रिज विद्यापीठातील होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या एका लेखात याची साधी परीक्षा सुचविली आहे. पट्टीचे वरचे टोक दोन बोटांत धरून ती सरळ, उभी लोंबू द्यावी आणि तिच्या एकाच अंगाने वरून खाली फुंकर घालावी. नुसत्या वेगानेच दाब कमी होत असेल तर पट्टी फुंकरीकडे ओढली गेली पाहिजे. ती तशी ओढली जात नाही. फार तर थरथरते. दोन्ही वेळा श्वास तोच, कागद तोच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी पट्टी वाकलेली होती आणि फुंकर त्या वळणावरून खाली वळत होती.

वळण म्हणजे काय ते पाण्यावर अधिक स्पष्ट दिसते. नळाची बारीक धार सोडावी. नळ नसेल तर कोणीतरी तांब्यातून संथ धार धरावी. चमच्याच्या दांड्याचे टोक चिमटीत सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेला अलगद लावावी. धारेने चमचा दूर ढकलला जाईल असे वाटते. उलट तो धारेत ओढला जातो. आणि धारेकडे पाहावे : ती चमच्याच्या पाठीला बिलगून तिरकी, विरुद्ध बाजूस निघून जाते. चमचा पाण्याला एका अंगास वळवितो, पाणी चमच्याला दुसऱ्या अंगास खेचते. विमानाचा पंख हवेला खाली वळवितो आणि हवा पंखाला वर उचलते. पंखावरचा दाब कमी आणि खालचा अधिक असतो हे खरेच आहे. हवा वळते आणि दाब बदलतो, या एकाच घटनेच्या दोन बाजू होत. मुलाला एवढे पुरे. गणित पुढे येईल.

राइट बंधूंची कथा या ठिकाणी आठवते, आणि ती १७ डिसेंबर १९०३ च्या बारा सेकंदांची व १२० फुटांची नव्हे, तर तिच्या आधीची. १९०१ साली त्यांचे घसरविमान हिशेबापेक्षा फारच कमी उचलले गेले. हिशेबात वापरला जाणारा हवेच्या दाबाचा आकडा शंभर वर्षांहून अधिक काळ सर्वमान्य होता. सायकल दुरुस्त करणाऱ्या या दोघा भावांनी त्यावरच संशय घेतला. त्यांनी सायकलीवर आडवे चाक बसवून ती पळविली, मग लाकडी पेटी आणि पंखा जोडून वाऱ्याचा बोगदा केला, आणि त्यात पत्र्याचे सुमारे दोनशे छोटे पंख एकामागून एक तपासले. तो प्रसिद्ध आकडा वाजवीपेक्षा दीडपट निघाला.

कागदी विमान हे राइट बंधूंचेच काम लहान प्रमाणावर चालविण्याचे साधन आहे. वर्गात ते जप्त करण्याची आम्हा शिक्षकांची रीत मला फारशी पसंत नाही. विमान नाक वर करून थबकत असेल तर नाकाला कागदाची टाचणी, म्हणजे जेम क्लिप, लावावी. नाकावर आपटत असेल तर पंखांच्या मागच्या कडा केसभर वर वळवाव्यात. डाव्या पंखाची कड वर आणि उजव्याची खाली वळविली की विमान एका अंगाला झुकून वळते. कोणत्या अंगाला, हे फेकण्यापूर्वी मुलाने वहीत लिहून ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले की कोणत्या बदलाने काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

पडण्याचे प्रयोग मात्र झटपट होतात. सारखे दोन कागद घ्यावेत, एक पसरट आणि एक चुरगळून गोळा केलेला, आणि ते एकदम सोडावेत. वजन तेच असून गोळा आधी पडतो, म्हणजे पसरट कागदाला अडविणारी हवाच होय. हवा नसेल तर? २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले; दोन्ही बरोबरच खाली आली. मंगळावर हवा आहे, पण पृथ्वीच्या सुमारे एक टक्का दाट. तेथेही १९ एप्रिल २०२१ रोजी इंजेन्युइटी हे छोटे हेलिकॉप्टर ३९ सेकंद उडाले. विरळ हवेला पुरेसे खाली ढकलता यावे म्हणून त्याची पाती पृथ्वीवरच्या हेलिकॉप्टरच्या मानाने कितीतरी वेगाने फिरवावी लागली.

आमच्या रानात हे हेलिकॉप्टर झाडावर लागते. उक्षीची फुले उन्हाळ्यात ओसरली की फळांना पाच-पाच पाकळ्यांसारखे पंख राहतात आणि फळ गरगरत, रेंगाळत खाली येते. माधवीलतेच्या फळाला तीन पंख असतात. मुलांनी ती वेचून आणावीत, उंच धरून सोडावीत, मग एकेक पंख तोडून पुन्हा सोडावीत. रुईची म्हातारी फिरत नाही, नुसती तरंगते. तिची तऱ्हा निराळी. फळे मिळत नसतील तेव्हा कागदी भिरभिरे करावे : वीतभर लांब, तीन बोटे रुंद पट्टी घेऊन वरचा अर्धा भाग मधोमध चिरावा, एक पाते पुढे आणि एक मागे दुमडावे, खालचा भाग घडी घालून अरुंद करावा व टोकाला जेम क्लिप लावावी. पात्यांच्या घड्या उलट केल्या तर भिरभिरे कोणीकडे फिरेल? दोन क्लिपा लावल्या तर? भिरभिरे जमिनीवर उभे राहून, हात उंच करूनच सोडावे.

टाकाऊ वस्तूंतून अशी खेळणी करण्याची कला ज्यांना शिकावयाची असेल त्यांनी अरविंद गुप्ता यांची पुस्तके पाहावीत. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी मुलांसाठी हे काम अनेक वर्षे केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुनी वर्तमानपत्रे यांपलीकडे त्यांचे साहित्य फारसे जात नाही.

आता पालकांसाठी थोडे कडक शब्द. छत्री उघडून माचीवरून किंवा भिंतीवरून उडी मारण्याचा मोह प्रत्येक पिढीतील मुलांना होतो. छत्री मुलाला तोलत नाही, ती उलटी होते आणि पाय मोडतो; हे आधीच, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. प्लॅस्टिकची पिशवी डोक्यावर कधीही घेऊ देऊ नये. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत, कारण लहान भावंड ते तोंडात घालते आणि श्वास कोंडतो. विमानाचे टोक दुमडून बोथट करावे व कोणाच्या तोंडाच्या दिशेने फेकू नये. विजेच्या तारांजवळ पतंग नको, नायलॉनचा मांजा तर कोठेच नको. वारा अजमावण्यासाठी बसच्या खिडकीतून हात बाहेर काढणे नको. हातपंख्यापुढे पुठ्ठा तिरका धरला तरी तेच कळते. बाटलीत सोडा आणि आंबट द्रव कोंडून ती उडविण्याचे प्रकार आमच्या यादीत नाहीत.

आणि ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच साहित्य नाही, त्यांनी पाऊस उघडल्यावर कुळागराच्या कडेला थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे. सुपारीच्या खोडावर चिकटलेला उडता सरडा बरगड्यांवरची कातडी पसरून एका झाडावरून दुसऱ्यावर कसा उतरतो ते दिसेल. तो पंख हलवीत नाही, म्हणून खालच्या खाली जातो. पुन्हा वर जाण्यासाठी त्याला खोडावरून चढावे लागते. आणि थोरला धनेश रानावरून जाऊ लागला तर तो दिसण्यापूर्वीच ऐकू येईल. त्याच्या मोठ्या पिसांची मुळे खालच्या बाजूने लहान पिसांनी झाकलेली नसतात, त्यामुळे प्रत्येक फटक्यासरशी हवा त्या फटींतून घुसते आणि आगगाडीच्या इंजिनासारखा घोष होतो. मुलाला विचारावे, हा आवाज कशाचा? ते आधी ‘चोचीचा’ म्हणेल. मग धनेश पुन्हा येईपर्यंत थांबावे.